उणे साडेतीन

४ फेब्रुवारी

ताई,

परवा फोनवर मी लाइन खराब आहे म्हणालो, ते खरं नव्हतं. आई शेजारी असली की तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मग मला हवापाणी आणि जेवण ह्यापलीकडे काही बोलता येत नाही. म्हणून लिहितोय. तू वाच आणि आईला सांगण्यासारखं असेल तेवढं सांग.

पहिली गोष्ट, मी ह्या महिन्यात येत नाही. जहाज दुरुस्तीला लागलंय आणि आम्हा काही जणांना बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात ठेवलंय. खोली बरी आहे. दोन लोखंडी पलंग, एक कपाट, त्याचं दार लावलं की आपोआप उघडतं. दुसऱ्या पलंगावर भलत्याच जहाजाचा आचारी आहे. घरी जायच्या तिकिटाची वाट बघत तो दिवसभर झोपतो. खिडकीतून बंदराची भिंत आणि ट्रकांची रांग दिसते. खाली पेयांचं यंत्र आहे, त्यातून चहा, कॉफी आणि सूप एकाच चवीचं निघतं.

दुसरं म्हणजे वाटेत एक छोटा अपघात झाला. मला काही झालेलं नाही, हे आधी वाच. इंजिनाचं तेल स्वच्छ करणारी यंत्रं असतात त्या खोलीत गरम तेलाचा पाइप सुटला, तेलाने पेट घेतला, आणि आग लवकरच विझलीही. पण आमचे ऑइलर भाजले. ऑइलर म्हणजे यंत्रांचं तेलपाणी बघणारा माणूस. वयाने आपल्या मामाएवढे असतील, अख्खं जहाज त्यांना उस्ताद म्हणतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. इथल्याच इस्पितळात आहेत.

आणि एक विचारायचं होतं. तू तारखा-वेळा वाचणारे प्रोग्राम लिहितेस ना? यंत्राने नोंदलेली वेळ चुकू शकते का? सहज विचारतोय.

धाकल्या


६ फेब्रुवारी

धाकल्या,

तू लहानपणी "सहज विचारतोय" म्हणालास की घरात काहीतरी फुटलेलं असायचं. ह्या वेळी काय फुटलंय?

आईला सांगितलं, जहाज नादुरुस्त आहे, तो मजेत आहे. तिने विचारलं, जहाज नादुरुस्त असेल तर इंजिनियर जहाजावर हवा, वसतिगृहात काय करतोय? मी कुकरकडे धावले. तुझे भावोजी म्हणतात, त्या बंदरात तुझं कुठेतरी सूत जुळलंय आणि तुला परत यायचं नाहीये. मलाही तसं वाटायला लागलंय. तसं असेल तर सरळ सांग, मी आईला हळूहळू तयार करीन. निदान ती काय काम करते एवढं तरी कळव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. यंत्रं वेळ चुकवत नाहीत, चुकतात ती माणसं. तुला माहीत आहे ना, आम्ही डॉक्टरांच्या भेटी ठरवणारा प्रोग्राम करतो, डॉक्टर एका देशात आणि पेशंट दुसऱ्या. रोज कुणीतरी चिडून लिहितं की तुमच्या यंत्राने मला पहाटेची वेळ दिली. खोलात गेलं की निघतं काय, त्याने स्वतःच्या गावाऐवजी भलतंच गाव निवडलेलं असतं. दहा वर्षं हेच बघतेय. तेव्हा यंत्रावर संशय घेऊ नकोस.

उस्तादांना लवकर बरं वाटो. त्यांच्या घरचं कुणी आलंय का? इस्पितळात काही नेऊ देत असतील तर फळं ने.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून पाच दिवस गप्प बसलो. रागावलो नव्हतो. पण तुझं "चुकतात ती माणसं" हे वाक्य चौकशीच्या अहवालात जवळजवळ तसंच आहे, आणि त्यातला माणूस मी आहे.

भावोजींना सांग, सूत कुठेही जुळलेलं नाही. मला कामावरून बाजूला केलंय. जहाज दुरुस्त होऊन कधीच पुढे गेलं. मी इथे चौकशीसाठी आहे.

काय झालं ते नीट लिहितो. आठ ते बारा माझी पाळी असते. सकाळी सव्वादहाच्या आत-बाहेर त्या तेलाच्या खोलीचा धोक्याचा भोंगा वाजला. मी बटण दाबून भोंगा बंद केला, कारण तो वाजत असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही, मग फोनवर काय बोलणार. खोलीकडे गेलो, आग बघितली, ब्रिजला फोन केला. ब्रिज म्हणजे कप्तान जहाज चालवतो ती वरची खोली. तिथून त्यांनी सगळ्या जहाजाची घंटा दिली. मी तेलाचा पुरवठा तोडला, उस्तादांना बाहेर ओढलं, तोवर बाकीचे नळ्या घेऊन आले. भोंग्यापासून फोनपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. मी दोन मिनिटं म्हणतो, कारण त्याहून जास्त जाण्यासारखं मधे काही नव्हतंच.

आता अहवाल काय म्हणतो बघ. जहाजावर दोन नोंदयंत्रं आहेत. एक खाली इंजिनाच्या खोलीत, भोंगे आणि बटणं नोंदणारं. दुसरं वर ब्रिजवर, फोन आणि घंटा नोंदणारं, ते थेट जागतिक वेळेतच नोंदतं. कंपनीने दोन्ही नोंदी एका प्रोग्रामात घालून एकच यादी केली, सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत. त्या यादीत भोंगा वाजला १२:४२ ला, मी तो बंद केला १२:४२ ला, आणि ब्रिजला फोन केला १३:४४ ला.

म्हणजे आग लागलेली कळल्यावर मी भोंगा बंद करून तासभर बसून राहिलो आणि मग फोन केला.

पाळीच्या वहीत मी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे १०:१२ लिहिलंय. ते म्हणतात, वही तुझ्याच हातची, मागाहून लिहिलीस.

लायसन्स जाईल ते जाईल. पण कंपनीच्या माणसाने इस्पितळात जाऊन उस्तादांनाही ही यादी वाचून दाखवली. त्यानंतर मी दोनदा गेलो, नर्स दारातूनच म्हणाली की पेशंटला तुम्हाला भेटायचं नाही. मी इंजिनाच्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हापासून त्या माणसाने मला शिकवलंय, ताई. फळं मी नर्सकडे ठेवून आलो.

आईला ह्यातलं काही सांगू नकोस.

धाकल्या


१२ फेब्रुवारी

धाकल्या,

आईला सांगितलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले आणि डोळ्यांत साबण गेला म्हणाले, तिने मान्य केलंय असं दाखवलं.

मी जे लिहिलं ते विसर. आता कामाचं बोलू.

यंत्राला तारीख आणि वेळ म्हणून काही कळत नाही. त्याला येतात ती नुसती अक्षरं. आकडे, आडव्या रेघा, दोन टिंबं, ह्या क्रमाने. ती अक्षरं वाचून त्यातून "हा क्षण" काढायचं काम प्रोग्राम करतो. आणि त्या अक्षरांत नुसतं १०:१२ असेल तर तो क्षण ठरतच नाही, कारण १०:१२ जगात दिवसभर कुठे ना कुठे वाजतच असतात. म्हणून शेवटी एक शेपूट लागतं, इथलं घड्याळ जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा किती मागे. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. शेपूट नसलं की प्रोग्राम मनाने काहीतरी धरतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. माझी निम्मी नोकरी हे घोळ निस्तरण्यात गेलीय, आणि तरी मी तुला तसं उत्तर दिलं.

मागे तू सांगितलं होतंस की तुमचे कप्तान पश्चिमेकडे जाताना घड्याळं एकदम तासभर मागे घेत नाहीत, आज अर्धा तास आणि उद्या अर्धा असं करतात, म्हणजे पाळीवाल्यांना जड जात नाही. अपघाताच्या दिवशी घड्याळ तसं अर्धा तास हललं होतं का? असेल तर मला वाटतं खालच्या यंत्राला ते कळलंच नसेल. वेळ तिथेच सरकली. चौकशी करणाऱ्यांना हे सांगून बघ.

आणि जमलं तर मला अहवाल नको, यंत्राने लिहिलेली मूळ ओळ पाठव. अक्षर न् अक्षर, जशी आहे तशी.

जेवतोस का?

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

जेवतो.

तुझा अर्ध्या तासाचा मुद्दा मी निरीक्षकांना सांगितला. चौकशी ते एकटेच करतायत, बोटीवर पूर्वी कप्तान होते, वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, अर्धा तास घड्याळात गेला असं धरू, मग उरलेला अर्धा तास तुम्ही काय करत होता? शेजारी कंपनीचा माणूस बसला होता, त्याने वहीत काहीतरी टिपलं. पहिल्यांदा मी म्हणालो होतो दोन मिनिटं, आता म्हणतो घड्याळ. माझ्या तोंडून जबाब बदलल्यासारखं झालं. तुला दोष देत नाही, घाई मीच केली.

आता इथून पुढे मी काही बोलण्याआधी तू खात्री कर.

मूळ ओळ मिळाली. निरीक्षकांच्या कचेरीत एक लिपिक बाई आहेत. मी अर्ज केला, त्यांनी नियम बघितला, म्हणाल्या आरोप ज्याच्यावर आहे त्याला मूळ नोंद मागता येते, आजवर कुणी मागितली नव्हती एवढंच. भोंग्याची ओळ अशी आहे, तारीख सोडून उतरवतो:

10:12:40-03:30

तेव्हा घड्याळ हललेलं खालच्या यंत्रालाही कळलं होतं. त्या दिवशी आम्ही जागतिक वेळेच्या साडेतीन तास मागेच होतो. म्हणजे तुझा तर्क तसाही चुकलाच.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. अहवालात सगळ्या जहाजाची घंटा दोनदा वाजलीय. एकदा १२:४५ ला, खालच्या यंत्राच्या नोंदीत. एकदा १३:४५ ला, वरच्या यंत्राच्या नोंदीत. घंटा एकदाच झाली होती. जहाजावर वीस माणसं होती, कुणालाही विचार. पण अहवालात त्याचंही स्पष्टीकरण आहे, पहिली घंटा वाजू लागताच बहुधा मीच ती खालून तोडली असावी. वाचताना क्षणभर मलाच वाटलं, तोडली होती की काय. इथे एकटं बसून तेच ते कागद वाचले की माणूस स्वतःचंही खरं मानेनासा होतो.

सुनावणी २३ ला आहे.

धाकल्या


१८ फेब्रुवारी

धाकल्या,

बसून वाच, आणि दोनदा वाच.

घंटा एकदाच झाली. दोन यंत्रांनी ती एकच घंटा नोंदली आणि यादीत त्या दोन नोंदींमध्ये नेमका एक तास आहे. म्हणजे खालच्या यंत्राची प्रत्येक नोंद यादीत एक तास अलीकडे सरकलीय. भोंगा, बटण, घंटा, सगळंच. ऑफिसात दुपारी हे लक्षात आलं आणि मी सरळ उभीच राहिले. शेजारचा मुलगा विचारत होता, काय झालं.

मग प्रश्न उरला की एकच तास का. अर्धा नाही, साडेतीन नाही, एक का. तुझ्या ओळीचं शेपूट समोर ठेवून बसले.

उणे साडेतीन म्हणजे उणे तीन तास आणि उणे तीस मिनिटं. उणेचं चिन्ह एकदाच लिहितात, पण ते दोघांनाही लागू असतं. ज्याने तुमच्या कंपनीचा प्रोग्राम लिहिला त्याने ते शेपूट दोन टिंबांपाशी तोडलं. डावीकडे "उणे तीन", उजवीकडे "तीस". मग दोघांची बेरीज केली. उणे तीन तास, त्यात अधिक अर्धा तास, झाले उणे अडीच. साडेतीनच्या जागी अडीच. हा घे तुझा एक तास.

१०:१२ मध्ये साडेतीन मिळवले की १३:४२. तुझा फोन १३:४४. तू म्हणालास तीच दोन मिनिटं.

तू म्हणशील इतकी साधी चूक आजवर कुणाला कशी दिसली नाही. मीही तेच म्हटलं. पण बघ, पूर्वेकडे शेपूट अधिक असतं, तिथे तास आणि मिनिटं दोन्ही मिळवायचीच, काही बिघडत नाही. पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी पूर्ण तास असतात, मिनिटांच्या जागी शून्य, आणि शून्याला उणे लावा नाहीतर अधिक, सारखंच. चूक दिसायला शेपूट उणेही हवं आणि त्यात मिनिटंही हवीत. तुमच्या कप्तानांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सवयीमुळे तुम्ही त्या एका दिवसापुरते नेमके तिथे होतात.

आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिच्यात ही ओळ वाचायची तयार सोय असते. तिला तुझी ओळ दिली, १३:४२ आलं. मग त्यांनी केलं असेल तसं स्वतःच्या हाताने चार ओळींत लिहून बघितलं, १२:४२ आलं. तरी मी त्यांचा प्रोग्राम पाहिलेला नाही. तेव्हा निरीक्षकांना "प्रोग्रामात अशी अशी चूक आहे" असं ठामपणे सांगू नकोस. मागच्या वेळी माझ्या तर्कावर तू तोंडघशी पडलास, ते पुरे झालं. त्यांना एक करून बघायला सांग, त्यांच्याच संगणकावर.

तीच वेळ, १०:१२, तीनदा घालायची. एकदा शेपूट उणे तीन, एकदा उणे साडेतीन, एकदा उणे चार. मधल्याचं उत्तर दोघांच्या मधे यायला हवं. बाकी काही समजावत बसू नकोस. उत्तरं त्यांनाच वाचू दे.

रागावू नकोस, पण दाढी करून जा.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

दाढी करून गेलो.

सुनावणी एका छोट्या खोलीत झाली. लांब टेबल, एका टोकाला निरीक्षक, बाजूला लिपिक बाई संगणकापुढे, समोर कंपनीचा माणूस. मी कागदावर लिहून नेलं होतं. घंटेपासूनच सुरुवात केली. म्हणालो, ही घंटा दोनदा वाजली असेल तर वीसपैकी एकाने तरी ती दोनदा ऐकलेली हवी. निरीक्षकांनी जबाबांची फाइल काढली आणि एकेक पान उलटायला लागले. वेळ लागला. शेवटचं पान उलटून म्हणाले, सगळे एकदाच म्हणतायत.

मग मी तीन शेपटांचं सांगितलं. कंपनीचा माणूस म्हणाला, हा प्रोग्राम आम्ही वर्षानुवर्षं सगळ्या जहाजांवर वापरतो, एकही तक्रार नाही. ते खरंच असणार, आणि तो प्रामाणिकपणे म्हणत होता. निरीक्षक म्हणाले, करून बघायला काय हरकत आहे?

लिपिक बाईंनी एकेक ओळ घातली आणि मोठ्याने वाचली. उणे तीनचं आलं १३:१२. उणे चारचं आलं १४:१२. निरीक्षकांनी ते दोन्ही कागदावर लिहिले आणि मधे जागा सोडली. मग उणे साडेतीन. बाईंनी वाचलं, "१२:४२." आणि थांबल्या. पुन्हा घातलं, पुन्हा तेच.

निरीक्षक त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग कंपनीच्या माणसाला म्हणाले, "घड्याळ मागे जाईल तशी जागतिक वेळ पुढे जायला हवी. हे मधेच खाली कुठे गेलं?" तो उठून बाईंच्या मागे जाऊन उभा राहिला, स्वतः टंकून बघितलं, आणि फोन लावायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, आमच्या माणसाने आत्ता बघितलं, चूक आहे. एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मला त्याची दया आली, हे तुला खरं वाटणार नाही.

निरीक्षकांनी यादी दुरुस्त करून पुन्हा छापायला सांगितली. आता तिच्यात घंटा एकदाच आहे. माझ्यावरचा आरोप काढला, लायसन्स परत दिलं. उठताना त्यांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी म्हणालो, माझ्या थोरल्या बहिणीने. त्यांनी विचारलं, ती कुठल्या जहाजावर असते? मी म्हणालो, ती किनाऱ्यावरच असते, तिला होडीतसुद्धा उलट्या होतात.

दहा दिवसांत दुसरं जहाज मिळेल. त्याआधी एक काम उरलंय.

धाकल्या


२६ फेब्रुवारी

धाकल्या,

उलट्यांचं सरकारी माणसाला सांगायची गरज नव्हती.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला. चालत घरी आले. आई भाजी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. तिने भाजी बाजूला सारली नाही. ऐकता ऐकता निवडत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं मला काही सांगत नाही, आणि मग मला तुमच्यापेक्षा वाईट काहीतरी सुचत राहतं." तिला महिनाभर वाटत होतं की भाजलेला माणूस तूच आहेस आणि आम्ही तिच्यापासून लपवतोय. फोनवर आवाज तुझा आहे का, हे ऐकायला ती स्पीकर लावायला सांगायची. मला वाटायचं, तिला ऐकू कमी येतं.

तेव्हा ह्यापुढे आपण तिला सगळं सांगायचं. हे ठरलं.

त्या प्रोग्रामवाल्यांना मी लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. सरळ माणसं दिसतात. जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचून बघतायत, आणखी कुणाची वेळ अशी सरकली होती का ते. मी आमच्या ऑफिसातही सगळ्यांना शेपटं तपासायला बसवलंय. लोक कुरकुर करतायत. करू देत.

तू एक काम उरलंय म्हणालास ते मला कळलं. उस्ताद भेटले का?

ताई


५ मार्च

ताई,

भेटले.

दुरुस्त यादी लिपिक बाईंनी इस्पितळात पाठवली होती. मी गेलो तेव्हा नर्सने दार अडवलं नाही. उस्ताद उशीला टेकून बसले होते, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. यादी शेजारच्या टेबलावर होती. कुणीतरी त्यांना वाचून दाखवली असणार. मला "या, तीन साब" म्हणाले. थर्ड इंजिनियरला जहाजावर तसंच म्हणतात. मी खुर्ची ओढून बसलो.

मला वाटत होतं, आता ते काहीतरी चांगलं बोलतील आणि विषय संपेल. ते खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "कागद दुरुस्त झाला, बरं झालं. पण तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मला तासच वाटला होता. तो माणूस येऊन तास म्हणाला, तेव्हा मला नवल वाटलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"तुम्ही दाराच्या काचेतून आत बघितलंत. मला बघितलंत. आणि वळून निघून गेलात."

ताई, तुला लिहिताना मी हे लपवलं नव्हतं. मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. बघितलं आणि फोनकडे गेलो, कारण पद्धत तशी आहे. वर न कळवता, तेल चालू असताना, एकट्याने ते दार उघडलं तर आग बाहेर येते, आणि मग आतला आणि बाहेरचा दोघेही जातात. चौकशीत मी हे दहा वेळा सांगितलं होतं. त्यांच्यापुढे एक शब्द तोंडातून निघेना.

त्यांनीच म्हटलं. "मीच शिकवलंय तुम्हाला. आत माणूस असला तरी आधी फोन. आजवर कितीतरी पोरांना शिकवलं." मग म्हणाले, "शिकवताना आत मी असेन असं कधी डोक्यात आलं नाही."

मी म्हणालो, उस्ताद, मी वळलो तेव्हा मला वाटलं होतं की परत येईन तोवर तुम्ही नसाल. ते म्हणाले, "मलाही तसंच वाटलं."

एवढंच. नर्स येऊन गोळ्या देऊन गेली. पाण्याचा पेला मी धरला.

थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. घरून होता. त्यांना उचलता येत नाही, म्हणून रोज ह्या वेळी नर्स येऊन धरते. आज मी उचलला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून बायको बोलत होती, मला शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. तिने विचारलं असावं की फोन कुणी धरलाय. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं.

"तीन साब आहेत," ते म्हणाले. "हो, तेच. ज्यांनी मला बाहेर काढलं."

मग ते तिच्याशी पोरांच्या शाळेचं, छपराचं, कसलं कसलं बोलत राहिले. बराच वेळ बोलले. माझा हात अवघडला, पण मी तो बदलला नाही.

धाकल्या